सोलापुरात बेस गिटार: घेताना, बांधताना, मांडवात वाजवताना

सोलापुरात राहून हौसेने बेस वाजवणाऱ्याने वाद्य निवडताना आधी दुरुस्तीचा विचार करावा, आवाजाचा नंतर. दुरुस्तीसाठी सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन संध्याकाळी त्याच गाडीने परत येता येतं हे खरं. पण गणपतीत ओळीने कार्यक्रम लागलेले असताना व्हॉल्यूमचा पॉट (गोल बटणाखालचा फिरता भाग) खरखरायला लागला, तर तो दिवस कुठून काढणार? म्हणून बेस असा हवा, की जो ॲलन की, स्क्रूड्रायव्हर आणि सोल्डरिंग आयर्न एवढ्यावर घरच्या टेबलावर बरा होईल.

त्या हिशेबाने पहिली निवड म्हणजे चार तारांचा पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेला) बेस, ३४ इंची म्हणजे ८६४ मिमी स्केलचा (वाजणाऱ्या तारेची लांबी), प्रिसिजन किंवा पीजे (एक प्रिसिजनचा, एक जॅझ बेसचा) पद्धतीच्या पिकअपचा, म्हणजे तारेचं कंपन विजेत उतरवणाऱ्या भागाचा. लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणला १९५१ साली. आज आपण ओळखतो तो दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ मध्ये आला. या दोन तुकड्यांची वेटोळी एकमेकांच्या उलट जोडलेली असतात, त्यामुळे बाहेरून येणारी गुणगुण आपसांत कटते. मांडवात याची किंमत कळते. लाइटचे डिमर, एलईडी पार दिव्यांचे सप्लाय, शेजारी जनरेटर, सगळं एकाच तारेवर. सिंगल कॉइल पिकअप तिथे मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घोंघावतो. १९६० चा जॅझ बेस सुंदर वाद्य आहे, पण त्यातली गुणगुण दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडे असतानाच कटते. एक पिकअप कमी केला की ती परत येते.

ॲक्टिव्ह बेस वाईट नसतो. फक्त आत ९ व्होल्टची बॅटरी असते आणि केबल जॅकमध्ये घातली की ती खर्च व्हायला लागते, कारण बॅटरीचं ऋण टोक जॅकमधूनच जोडलं जातं. तालमीनंतर केबल तशीच ठेवली तर ऐन कार्यक्रमात आवाज आधी फाटतो आणि मग बंद पडतो. बॅटरी संपल्यावर पॅसिव्हवर टाकणारं बटण त्या मॉडेलमध्ये आहे का, हे घेण्याआधी पाहावं. पुष्कळशा स्वस्त मॉडेलांत ते नसतं.

नवीन घ्यायचं तर साधारण २० ते ३० हजारांच्या पट्ट्यात यामाहा, आयबानेझ, स्क्वायर, कोर्ट यांपैकी काहीतरी चांगलं मिळतं. यामाहाचा टीआरबीएक्स १७४ हा पीजे पिकअपचा, पूर्ण पॅसिव्ह बेस आहे. आत दोन व्हॉल्यूम आणि एक टोन, एवढंच. दुरुस्तीच्या दृष्टीने आदर्श. पण त्याच पैशात, किंवा त्याहून कमीत, जुना बेस बघायला गेलात तर जास्त चांगलं वाद्य हाती लागू शकतं. अट एकच: तपासता आलं पाहिजे.

जुना बेस बघायला जाताना पिशवीत ट्यूनर, केबल, मल्टिमीटर, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी, ४ आणि ५ मिमीची ॲलन की (अमेरिकन नेकला ३/१६ इंचाची लागते) आणि एक नवी ९ व्होल्टची बॅटरी ठेवावी. फिलर गेजही घ्यावं. वाद्यांच्या दुकानात ते शोधू नका, दुचाकीचे स्पेअर पार्ट विकणाऱ्याकडे मिळतं. मेकॅनिक टॅपेट बसवायला वापरतात तेच.

आधी नेक. तार सुरात लावून ई तार (सगळ्यात जाड) पहिल्या फ्रेटवर (नेकवरची धातूची पट्टी) आणि नेक जिथे बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबायची. मध्ये, सातव्या-आठव्या फ्रेटजवळ, तार आणि फ्रेट यांच्यात ०.३ ते ०.४ मिमी फट दिसली पाहिजे. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक सांभाळणारी सळई) घट्ट करून ती कमी होते. इथेच खरी परीक्षा. विकणाऱ्याची परवानगी घेऊन रॉडचा नट आधी पाव फेरा सैल करा आणि मग परत घट्ट करा. हलत नसेल किंवा नुसताच फिरत राहून काही फरक पडत नसेल, तर बेस कितीही देखणा असला तरी उठून यावं. पॉट बदलता येतो, तारा ताणायच्या चाव्या बदलता येतात. अडकलेला ट्रस रॉड म्हणजे नवा नेक.

मग हेडस्टॉककडून, म्हणजे चाव्यांच्या टोकाकडून, एक डोळा मिटून नेककडे बघायचं. ई तारेची बाजू आणि जी तारेची (सगळ्यात बारीक) बाजू वेगवेगळी वाकलेली दिसली तर नेक पिळलेला आहे, आणि ट्रस रॉड पीळ काढत नाही. सतराव्या फ्रेटच्या पुढे नेकचं टोक वर उचललेलं असेल तर वरच्या फ्रेटवर तार खरखरणार. ते फ्रेट घासून बरं होतं, पण तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्यावेत. शेवटी प्रत्येक तारेवरचा प्रत्येक फ्रेट वाजवून बघायचा. कंटाळवाणं काम आहे, पण गप्प पडणारा एखादा सूर असाच सापडतो.

पिकअपसाठी ॲम्प्लिफायर लागतच नाही. केबल बेसमध्ये घाला, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या टिप (टोक) व स्लीव्हवर (दांडा) मल्टिमीटर ओहमवर लावा. प्रिसिजन पिकअप साधारण १० ते ११ किलोओहम दाखवतो. जॅझचा एकेक पिकअप ७ ते ८ दाखवतो आणि दोन्ही उघडे असले की त्याच्या निम्मं. आकडा शून्याजवळ आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. व्हॉल्यूमचा पॉट मध्ये असल्यामुळे पिकअप तुटलेला असला तरी मीटर २५० किलोओहमच्या आसपास काहीतरी दाखवतो, त्याला फसू नका. ॲक्टिव्ह बेसवर ही चाचणी लागू होत नाही.

वजनही करून घ्या. ३.५ ते ४.२ किलो ठीक. ४.५ च्या वर गेला की तीन तास उभं राहून वाजवताना डावा खांदा बोलायला लागतो, आणि अरुंद पट्टा असेल तर लवकरच. पट्टा तीन इंच रुंद आणि चामड्याचा घ्यावा. आतून खडबडीत चामड्याचा पट्टा शर्टावरून घसरत नाही, त्यामुळे हेडस्टॉक खाली झुकायची खोडही बरीच आवरते.

सेटअप आणि सोलापूरची हवा

सेटअपचा क्रम बदलायचा नाही: नेकचा बाक, मग तारांची उंची, मग सूर जुळणी, शेवटी पिकअपची उंची. उलटं केलं तर प्रत्येक पायरी आधीच्या पायरीला बिघडवते. ट्रस रॉड एका वेळी पाव फेरा. घड्याळाच्या दिशेने घट्ट, म्हणजे बाक कमी. दर पाव फेऱ्यानंतर परत सुरात लावून दहा मिनिटं थांबा, लाकूड हळू सरकतं. नवीन ४५-१०५ च्या (जी ते ई तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) चार तारांचा मिळून ७५ ते ८० किलोच्या आसपास ताण नेकवर असतो, त्यामुळे तारांचा गेज बदलला की हे सगळं पुन्हा करावं लागतं.

बाराव्या फ्रेटवर ई तार २.५ मिमी आणि जी तार २ मिमी, इथून सुरुवात करा. जोरात वाजवणाऱ्याने थोडी वर ठेवावी. सूर जुळणीसाठी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा येत असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा) मागे, उतरता असेल तर पुढे. जुन्या, मळलेल्या तारांवर हे करत बसू नका. अशी तार सगळीकडे सारख्या वजनाची राहिलेली नसते आणि सूर कधीच जुळत नाही.

सॅडल पार खाली नेलं तरी तार उंचच राहते, असं स्वस्त बेसमध्ये पुष्कळदा होतं. मग नेक काढून खाचेच्या ब्रिजकडच्या टोकाला जुन्या एटीएम कार्डाची अर्ध्या इंचाची पट्टी ठेवायची. ती पाऊण मिलिमीटर जाड असते. नेक जरासा मागे कलतो आणि बाराव्या फ्रेटवर तार चांगलीच खाली येते.

आता हवेचं. सोलापूरचा एप्रिल-मे कोरडा आणि चाळिशीपार. लाकूड ओल सोडतं, फिंगरबोर्ड आक्रसतो, नेक साधारणपणे मागे वाकतो आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखर सुरू होते. त्याच वेळी फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागतात, कारण धातू आक्रसत नाही, लाकूड आक्रसतं. अशा वेळी रॉड पाव फेरा सैल करावा आणि पावसाळ्यात परत बघावा. मात्र उन्हाळ्यात वाद्य कूलरच्या झोतात ठेवणं सगळ्यात घातक. दिवसभर ओली हवा, रात्री कूलर बंद झाला की कोरडी, आणि रोज हा झटका. कपाटात, गिग बॅगेत, भिंतीपासून जरा लांब ठेवलेलं बरं. दुपारी बंद गाडीच्या डिकीत तर कधीच नको, पिकअपचं मेण आणि नेकमधला गोंद दोन्ही मऊ पडतात.

तारांवर घाम हा इथला मोठा शत्रू. वाजवून झालं की सोलापुरी टॉवेलचा तुकडा प्रत्येक तारेखालून घालून, दोन्ही बाजूंनी दाबून पुसायचा. टेरीचे फासे वेटोळ्यांतला मळ ओढतात, गुळगुळीत कापड नुसतं वरून फिरतं. तोच नॅपकिन घडी करून ब्रिजजवळ तारांखाली सरकवला की जुन्या रेकॉर्डसारखा ठप्प, गोल आवाज मिळतो. ढोलकीबरोबर तो फार छान बसतो.

मेलेल्या तारा दहा मिनिटं पाण्यात उकळून, पूर्ण वाळवून परत लावता येतात. चमक थोडे दिवस परतते. कोटिंगच्या तारांना हे करू नका. नवीन तार कापताना चावीच्या पुढे साधारण ११-१२ सेंमी ठेवा आणि जिथे कापायचं त्याच्या अलीकडे काटकोनात दुमडून मगच कापा. न दुमडता कापली की वरचं वेटोळं आतल्या तारेवरून सुटतं आणि तार कायमची बहिरी होते.

स्वतः बांधायचा असेल तर

नेक विकत घ्या, बॉडी करा. नेकमध्ये ट्रस रॉडची खाच, फ्रेटच्या चिरांची मापं आणि फ्रेट समपातळीत घासणं, तिन्ही कामं अचूक लागतात आणि पहिल्या प्रयत्नात जमत नाहीत. बॉडीला मात्र ओळखीचा सुतार, राऊटर मशिन आणि १२ मिमी एमडीएफचं टेम्प्लेट पुरतं.

लाकडात सगळे आधी सागवानाकडे जातात. मजबूत आहे, दिसतंही सुंदर, पण जड पडतं आणि तेलकट असल्यामुळे गोंद नीट धरत नाही. चिकटवण्याच्या अगदी आधी जोडाच्या कडा ॲसिटोनने पुसाव्या लागतात. माझं मत तुण किंवा शिवण या लाकडांच्या बाजूने आहे. तुणाच्या लाकडाशी आपल्या भागाचं जुनं नातं आहे. मिरजेचे सितार-तंबोरे करणारे कारागीर हेच लाकूड वापरतात, आणि त्या तंबोऱ्यांचे भोपळे आपल्याच जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून जातात. ५१० × ३६० × ४५ मिमीचा ठोकळा लागतो. कापून, पोकळ्या काढून झाल्यावर त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त लाकूड उरतं. तुणाची बॉडी साधारण सव्वादोन किलोच्या आसपास येते, सागाची तीनच्या जवळ. नेक, चाव्या आणि ब्रिजचा दीड-पावणेदोन किलो मिळवला की फरक खांद्याला कळतो.

लाकूड वाळलंय का, हे ओलीचा मीटर नसला तरी कळतं. ठोकळा दर आठवड्याला त्याच काट्यावर तोला. दोन-तीन आठवडे वजन हललं नाही की वापरा. दोन फळ्या जोडून ठोकळा करत असाल तर क्लॅम्प २४ तास काढू नका.

राऊटरने एकदम खोल जाऊ नका, एका वेळी ५ मिमी. नेकची खाच १६ मिमी खोल आणि फेंडर मापाच्या नेकसाठी ६३.५ मिमी रुंद, पण तुमच्या हातातला नेक मोजूनच कापा. चिनी नेक अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे असतात. मे महिन्यात खाच अगदी घट्ट कापली तर जुलैत लाकूड फुगल्यावर नेक काढताना कोपऱ्यातला रंग तडकतो. नेक दाबून बसेल, ठोकावा लागणार नाही, इतकी सैल ठेवा.

ब्रिज लावण्याआधी नेक तात्पुरता बसवून ई आणि जी च्या चाव्यांपासून दोन दोरे ताणून ब्रिजपर्यंत आणा. नेकच्या दोन्ही कडांपासून दोऱ्यांचं अंतर शेवटच्या फ्रेटपर्यंत सारखं दिसलं पाहिजे. हे न बघता ब्रिज ठोकला की जी तार फिंगरबोर्डवरून बाहेर घसरायला लागते आणि मग भोकं बुजवण्याशिवाय उपाय नसतो. जी चं सॅडल नटपासून (हेडस्टॉकजवळ तारा टेकतात ती खाचांची पट्टी) ८६४ मिमीवर आणि ई चं त्याहून चार-सहा मिलिमीटर मागे येईल, अशी जागा धरा. दोन्हीकडे सॅडलला सरकायला वाव राहिला पाहिजे.

नेकचे चार स्क्रू ४५ मिमीचे. मेपलच्या नेकमध्ये ३ मिमीचं भोक आधी पाडा आणि स्क्रूला साबण किंवा मेण लावा, नाहीतर डोकं आत तुटतं. बॉडीतलं भोक ४.५ मिमीचं, म्हणजे स्क्रू बॉडीत मोकळा फिरेल आणि नेकलाच ओढून धरेल. बॉडीतही स्क्रूचे आटे धरले तर दोघांत बारीक फट राहते.

वायरिंग प्रिसिजनचंच करा: २५० किलोओहमचे दोन लॉगरिदमिक पॉट, ४७३ छापलेला म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एक मोनो जॅक. सुट्या भागांच्या दुकानात छोटे १६ मिमीचे पॉट मिळतात, त्यांचं भोक ७ मिमीचं. आयात पॉटना साडेनऊ लागतं, म्हणून पिकगार्डला भोक पाडण्याआधी पॉट हातात असू द्या. पॉटच्या पाठीवर अर्थिंगची वायर लावायला २५ वॉटचं आयर्न पुरत नाही. पाठ तापायच्या आत टोक थंड होतं आणि सोल्डर नुसता गोळा होऊन बसतो. दिसायला चिकटलेला असतो, कार्यक्रमात सुटतो. ५० ते ६० वॉटचं आयर्न, आधी पाठ थोडी खरवडून. ब्रिजखालून एक उघडी वायर पॉटच्या पाठीला आणायला विसरू नका. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली, की ती वायर लागली आहे.

स्वराचा हिशेब

आपल्याकडे गायक ‘सी शार्प’ म्हणत नाही, ‘काळी एक’ म्हणतो. पांढरी एक म्हणजे सी, ती ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. काळी एक चौथ्यावर. ही पट्टी बेसला सोयीची, कारण षड्ज ए तारेवर चौथ्या फ्रेटला आणि खालचा पंचम ई तारेवर त्याच फ्रेटला, हात न हलवता. काळी चार ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर, काळी पाच सहाव्यावर. अडचण होते ती काळी दोनला. डी शार्प हा मोकळ्या ई च्या एक घर खाली पडतो, म्हणून षड्ज ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर घ्यावा लागतो आणि गाण्याचा पाया हलका वाटतो. १४ एप्रिलच्या भीमगीतांच्या कार्यक्रमांत किंवा भजनाच्या साथीला सतत काळी दोन लागत असेल, तर पाच तारांच्या बेसचा विचार करायला ते खरं कारण आहे. बी तारेच्या चौथ्या फ्रेटवर तो षड्ज मिळतो. नाहीतर ई तार अर्धा स्वर उतरवून त्या कार्यक्रमापुरतं चालवा.

ढोलकी किंवा तबला केरव्यात असेल तर डग्ग्याची घुमार पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेवर असते: धा, गे आणि धिं. मधल्या मात्रा बंद असतात. बेसने पहिल्या आणि सातव्या मात्रेवर डग्ग्याबरोबर पडावं आणि चौथ्या ते सहाव्यामध्ये एखादा सूर ठेवावा. आठही मात्रा भरल्या की खालचा सगळा आवाज एक होतो आणि डग्गा ऐकूच येत नाही. की-बोर्डवाल्याशी आधीच बोलून घ्या. त्याचा डावा हात बेस वाजवत असेल तर दोघांपैकी एकाने थांबायला हवं.

मांडवात

मोकळ्या ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा, पण श्रोत्यांना ऐकू येतो तो मुख्यतः वरचा ८२ चा. मिक्सरवर ३५-४० हर्ट्झच्या खालचं कापलं तर बेसचं काही जात नाही आणि सबवूफर मोकळा होतो. आवाज गढूळ वाटला की २०० ते २५० हर्ट्झ थोडं कमी करा. सूर कळत नसेल तर ७००-८०० हर्ट्झ थोडं वाढवा. बेसचा नॉब वाढवणं हा उपाय बहुतेक वेळा चुकीचा असतो. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या बंद सभागृहात स्टेजवरचा ॲम्प स्वतःला ऐकू येईल इतकाच ठेवावा आणि बाकीचं डीआय बॉक्सने (बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा छोटा डबा) मिक्सरला द्यावं.

विजेच्या बाबतीत कसूर नको. सॉकेटवर मल्टिमीटर लावा: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ भलतंच काही दाखवत असेल तर अर्थिंग नाही. अर्थ नसलेल्या मिक्सरच्या किंवा ॲम्पच्या धातूवर सप्लायमधल्या फिल्टर कपॅसिटरमुळे शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसतात, माईकला ओठ लागल्यावर झिणझिण्या येतात त्या यामुळे. त्याहून भयंकर म्हणजे बेसचा ॲम्प एका फेजवर आणि मिक्सर दुसऱ्या फेजवर. दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात. इन्सुलेशन एकीकडे जरी फाटलं तरी तार आणि माईक यांच्यामध्ये तुम्ही असता. स्टेजवरचं सगळं एकाच बोर्डवरून, एकाच फेजवर घ्यायला सांगा. वाजवण्याआधी केबल लावलेल्या बेसची तार आणि माईकची जाळी यांच्यात एसी व्होल्टेज बघा. पंचवीस-तीस व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थिंग मिळेपर्यंत गाणाऱ्याला माईकपासून लांब ठेवा. गुणगुण घालवायला प्लगची अर्थ पिन काढायची नाही. डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, ते फक्त सिग्नलची जमीन तोडतं.

पिशवीत दोन केबल, ई आणि जी ची प्रत्येकी एक सुटी तार, ॲलन की, जॅकचा नट आवळायचा पाना, इन्सुलेशन टेप आणि नॅपकिन असावेत. कार्यक्रमात सगळ्यात जास्त वेळा सैल होतो तो जॅकचा नट. तो सैल झाला की आतला जॅक फिरतो आणि वायर पिळून तुटते, म्हणून निघण्याआधी बोटाने हलवून बघा. दुचाकीवर पाठीला गिग बॅग असेल तर हेडस्टॉक डोक्याच्या वर एक-दीड फूट येतो. मांडवाच्या कमानी आणि गल्लीतल्या खाली लोंबणाऱ्या केबल तिथेच अडकतात, म्हणून मागे बसणाऱ्याने बॅग मांडीवर आडवी धरावी. रेल्वेत वरच्या बर्थवर तारा वर करून ठेवावी. बेस ११५ ते १२० सेंमी लांब असतो, आरामात मावतो, आणि त्यावर कुणी सामान टाकत नाही.